पावसाळ्यात डुगडुगू लागलेल्या जड फरश्या पुन्हा कशा बसवाव्यात?

विचारणा (नेरूळ)
आमच्या रो-हाउसच्या मागील १२ बाय १० फुटांच्या बागेत गेल्या वर्षी २ फुटी, २ इंच जाडीच्या ३० शहाबादी फरश्या बसवून घेतल्या. एकाच पावसाळ्यात त्यांतल्या सात-आठ डुगडुगू लागल्या आणि एक मधोमध तडकली. ती उचलून पाहिली, तर खाली चार कोपऱ्यांना व मध्यभागी सिमेंट-वाळूच्या मालाचे पाच गोळे होते आणि उरलेल्या पोकळीत मुंग्यांनी घर केले होते. गवंडी म्हणतो, या वेळी सिमेंट वाढवू. तेवढे पुरेल का?

उत्तर (घोडबंदर रस्ता, ठाणे)
नाही पुरणार, कारण दोष सिमेंटचा नसून खालच्या पायाचा आहे. आपल्याकडची जमीन खाडीकाठच्या भरावाची असेल, तर पावसात ती कमी-जास्त खचते, गोळे एका पातळीत राहत नाहीत आणि अधांतरी भागावर पाय पडताच फरशी तडकते. साडेसात इंच खोदून मोकळी माती काढावी, ४ इंच मुरूम व खडी दोन थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोकावी आणि त्यावर १:६ चा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) दीड इंच माल सलग पसरावा. हा माल मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, इतपतच ओला असावा. फरशीवर रबरी हातोडा मारताना पोकळ आवाज आला, तर ती उचलून माल भरायला लावा. कोपऱ्याखाली दगडाची चीप सरकवण्याची गवंड्यांना फार हौस असते, ती मुळीच चालू देऊ नका.

उत्तर (ऐरोली)
ढाळ विसरू नका. भिंतीपासून बागेकडे १० फुटांत २ इंच उतार दोरी बांधून आधीच ठरवावा, नाहीतर पाणी जोत्याशी तुंबते. शिवाय अशी एक फरशी सुमारे ४५ किलोंची भरते. ती दोघांनी उचलावी किंवा उभी करून कोपऱ्यांवर चालवत न्यावी. पहार लावताना खाली फळी ठेवावी, म्हणजे कड उडत नाही. मी एकट्याने उचलून आठवडाभर पाठ शेकली आहे.

विचारणा करणारा
आभारी आहे. सलग थराला माल बराच जास्त लागेल, असे गवंड्याने सांगितले आणि मी ते मान्य केले. तडकलेल्या फरशीचे दोन तुकडे कुंड्यांखाली जातील.