दशावतार, साबर बोंडं, वाळवी: तुम्हाला कुठला जास्त भिडला?

मी सगळ्या प्रकारचे पिक्चर बघतो पण हल्ली मराठीत जे येतंय ते बघून खरंच आनंद होतो. दशावतार थेटरात पाहिला, ८१ व्या वर्षी दिलीप प्रभावळकर ज्या ताकदीने बाबुली हा दशावतारी नाटकातला कलाकार उभा करतात ना, डोळ्यांची नजर जात चाललीय तरी तोंडाला रंग लागला की माणूसच बदलतो, अंगावर काटा आला. दुसऱ्या भागात सूडाची गोष्ट जरा ताणल्यासारखी वाटली, तरी परत बघेन. तुमचं काय मत?

प्रतिसाद १: माझ्यासाठी साबर बोंडं. २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं म्हणून गेले होते खरं तर, पण लक्षात राहिली ती आई. वडील गेल्यावर मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, आणि आईला मुलाचं सगळं माहितीय, ती त्याला सांभाळून घेते. कॅमेरा हलत नाही फारसा, घाई असेल तर जाऊ नका.

प्रतिसाद २: थ्रिलर आवडत असेल तर वाळवी बघाच!! परेश मोकाशींचा, २०२३ चा. शेवट कुणाकडून ऐकू नका प्लीज, मी घरच्यांना काही न सांगता बसवलं आणि शेवटी सगळे एकदम ओरडले.

प्रतिसाद ३: दशावतारबद्दल +१. आमच्या सिंधुदुर्गात जत्रेला रात्रभर दशावतारी नाटकं बघत मोठे झालो, पिक्चरमध्ये पेटीचा सूर लागला आणि आई शेजारी रडायलाच लागली.