लिहायला बसायच्या आधीचं सगळं

‘पहाटे पाचला उठा, रोज हजार शब्द लिहा’ हा सल्ला मी कितीतरी वर्षं मनापासून पाळून बघितला. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर (पायाला आधार देणारा सळ्या-पट्ट्यांचा सांगाडा) आहे, वय ५४. पहाटे कॅलिपर चढवून, बूट बांधून टेबलाशी येईपर्यंतच लिहिण्याची ताकद संपलेली असायची. चाळिशीनंतर चांगला पायही दमायला लागला, खांदेसुद्धा. पोलिओनंतर काही दशकांनी असा थकवा पुन्हा गाठतो आणि नेट लावला तर ताकद आणखी घटते, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी पहाट सोडली. आता कॅलिपर न चढवता, अंथरुणातच पाठीशी लोड घेऊन आणि मांडीवर पाट ठेवून लिहिते. अर्धा तास लिहायचं, आडवं व्हायचं, पुन्हा अर्धा तास. राजारामपुरीत आमच्या गल्लीला दुपारी दोन ते चार थोडी शांतता असते, तीच माझी वेळ. दोन वर्षांत एक दीर्घकथा पुरी झाली.

नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये आपल्या कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था सुरू केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर, आणि त्यांनी आत्मकथनही लिहिलं. अशी पुस्तकं वाचताना मला सारखं वाटतं, हे कुठल्या वेळी लिहिलं असेल? कशाला टेकून? मध्ये कितीदा थांबावं लागलं असेल? आपण निदान एकमेकांना तरी हे सांगू या. दोन ओळी असल्या तरी चालतील.

शिवाजी पेठ, मणक्याची इजा, वय ३९

ताई, मी २०१४ ला पत्रे बसवताना वरून पडलो. कमरेखाली संवेदना नाही. माझा दिवस लघवीच्या वेळांवर बांधलाय. हे उघडच सांगतो, कारण कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस वर्ष-वर्ष चाचपडत राहतो. दर चार तासांनी कॅथेटर, म्हणजे नळी घालून लघवी काढायची. सकाळी पोट साफ करणं, आंघोळ, कपडे यात अडीच तास जातात. राहिला लिहायचा तुकडा म्हणजे दहाचं कॅथेटर ते दोनचं.

त्यातही सलग बसायचं नाही. बूड दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम झालेली असते. पहिल्या वर्षी कथेच्या नादात माझं तसं झालं. साडेतीन महिने पालथं पडून काढले, एक ओळ लिहिली नाही. आता फोनवर २० मिनिटांचा गजर असतो. वाजला की पुढं वाकून छाती मांडीला टेकवायची, दोन मिनिटं. आधी वाक्य तुटायचं म्हणून राग यायचा. मग मीच गजराच्या सुमाराला वाक्य अर्धं सोडायला लागलो. वाकलेला असताना ते डोक्यात पुरं होतं, वर आलो की उतरवतो.

आणि जास्त वेळ बसता यावं म्हणून पाणी कमी पिऊ नका. मी ते केलं. लघवीचा संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला, सगळा आठवडा गेला.

सानेगुरुजी वसाहत, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी), वय २१

‘बोलून टाइप कर’ असं मला सगळे सुचवतात. माझे उच्चार घरच्यांना कळतात, फोनला कळत नाहीत. मी उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करते. इनस्क्रिप्ट या संगणकावरच्या मराठी कळफलकावर ‘क’ नुसता पडतो, ‘ख’ला शिफ्ट लागते. ग-घ, त-थ, प-फ यांचंही तसंच, आणि अ, आ असे सुटे स्वर तर शिफ्टशिवाय येतच नाहीत. एका बोटानं शिफ्ट दाबून धरून दुसरी कळ कशी दाबणार? शाळेत मी ख, घ, भ नसलेले शब्द शोधून निबंध लिहायचे. ‘भाऊ’ म्हणायचं असेल तर ‘दादा’.

मग एका सरांनी शिफ्ट ओळीनं पाच वेळा दाबायला लावली. समोर विचारणा आली, हो म्हटलं, स्टिकी कीज सुरू झालं. आता शिफ्ट दाबून सोडायची आणि मग अक्षर. त्या दिवशी मी ‘आभाळ’ लिहिलं. तीन अक्षरं, तिन्हींना शिफ्ट.

परीक्षेत मला तासाला २० मिनिटं जादा मिळतात. घरी मात्र मी मैत्रिणींच्या वेगानं लिहू बघायचे आणि रडायचे. आता घरीसुद्धा जादा वेळ धरते. दोन तासांत ८० शब्द. थंडीत हात आखडतात तेव्हा ३०. तेही मी तारीख घालून ठेवते.

कळंबा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जातात), वय २३

तीन वर्षांपूर्वी बोटांतून पेन सुटायला लागलं, तेव्हापासून आई लिहून घेते. तिचं अक्षर सुंदर आहे आणि ती एकदाही कंटाळलेली नाही. पण आईला सांगून सगळं लिहिता येत नाही. कथेत एक मुलगी आली आणि मी गप्प झालो. आई पेन धरून वाट बघत राहिली. शेवटी म्हणाली, ‘भूक लागली का रे?’ ती कथा तिथंच राहिली.

गुगलच्या कळफलकात २०१७ पासून मराठीत बोलून टाइप करता येतं. आई झोपल्यावर ते वापरतो. रात्री श्वास पुरत नाही, तीन-चार शब्दांपुढं आवाज जात नाही, पण तेवढं चालेल. खरी अडचण दुसरीच आहे. माझी माणसं ‘न्हाई’, ‘जातुया’, ‘आलंतं’ असं बोलतात. फोन त्याचं ‘नाही’, ‘जातो’, ‘आलं होतं’ करतो. आजोबांच्या तोंडची भाषा जाते. दुरुस्त करायला बोटं नाहीत, आणि आईला सांगावं तर ते पान तिच्यापुढं ठेवावं लागतं. यातून कुणी वाट काढली आहे का?

उद्यमनगर, उजव्या हाताची चार बोटं नाहीत, वय ४६

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या-कापायच्या यंत्रावर, बोटं गेली. डाव्या हातानं लिहायला शिकताना पहिले महिने दुधाचा हिशेब तेवढा लिहायचो, रोज एक ओळ. डावा हात लिहिलेल्यावरूनच सरकतो, जेलची शाई फासली जाते, म्हणून शिसपेन्सिल घेतली. वही वरून उजवीकडं कलती ठेवली. शिरोरेषा डाव्या हातानं ओढावी लागत नाही, ढकलावी लागते, आणि कागद फाटतो. त्यामुळं अख्खी ओळ आधी बिनरेषेची लिहितो, रेषा मागाहून हळूहळू देतो. सात महिन्यांनी एक पान झालं. अजून पानाला पाऊण तास लागतो, आणि रोज एक पान लिहिलं नाही तर हात विसरतो.

कळंब्याच्या पोरा, मला रोज लिहायला काहीतरी लागतंच, आणि माझं स्वतःचं रोज सुचत नाही. तू रात्री बोलून नुसतं रेकॉर्ड करून पाठव. तीन शब्दांनंतर थांबलास तरी चालेल, मी थांबतो. ‘न्हाई’चं ‘न्हाई’च लिहीन. त्या मुलीचंही पाठव.