मदत हवी आहे: किडनीच्या पेशंटचा दम नेमका कसा मोजायचा?
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय ६२, किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात, डायलिसिस नाही. एकेकाळी साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला एका दमात चढायचे, आता जवळच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत जातानाच दोनदा टेकतात. डॉक्टरांनी सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली. त्याला ३० मीटर सरळ वाट लागते. गल्लीत खडूने खुणा केल्या, तर मधोमध शेजाऱ्यांची म्हैस! स्मार्ट घड्याळ नाडीवरून व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) आकडा दाखवतं, पण बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असल्याने अण्णांची नाडी फारशी वाढतच नाही. मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यात हिमोग्लोबिनही कमी, ९. तोंडाला मास्क लावून सायकलवर करतात ती तपासणी साताऱ्यात किंवा सांगली-मिरजेत कुणी करून घेतलीय का? खर्च किती आला?