मुलीला पाळीत अंगावरून फार जाते आणि तारखाही ठरलेल्या नाहीत. वयाचे म्हणून सोडून द्यावे का?

साताऱ्याची आई

नमस्कार. माझी मुलगी १३ वर्षांची असून आठवीत शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिला पहिल्यांदा पाळी आली. त्यानंतरची पाळी ५२ दिवसांनी आली, पुढची २४ दिवसांनी, आणि मग दोन महिने काहीच नाही. तारखांचे हे मागेपुढे होणे मी मनावर घेतले नव्हते, कारण माझेही सुरुवातीला तसेच होते. परंतु पाळी आली की ती ९ ते ११ दिवस थांबत नाही. पहिले चार दिवस तिला रात्री दोनदा उठून पॅड बदलावे लागते, गादीवर रबरी कापड घालावे लागते, आणि कधी कधी जांभळाएवढ्या गाठी पडतात. शाळेचा सलवार पांढरा आहे, त्यामुळे त्या दिवसांत ती भर उन्हाळ्यातही स्वेटर कमरेला बांधून जाते आणि मधल्या सुट्टीत बाकावरून उठत नाही, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळले.

एक चूक माझ्याकडून झाली, ती लपवत नाही. यंदा गौरींच्या दिवसांत नेमकी पाळी येईल या भीतीने मी औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या आणि तिला पाच दिवस दिल्या. गोळ्या बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झालेला रक्तस्राव १४ दिवस चालला आणि शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ निघाले. सोनोग्राफीच्या अहवालात ‘पीसीओडी’ (बीजकोशात अनेक लहान पुटिका होण्याचा विकार) असे लिहिले आहे आणि तीन महिन्यांच्या हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. सासूबाई म्हणतात की उष्णता आहे, लग्न होऊन एक मूल झाले की सगळे जागेवर येते. सध्या रक्तस्राव थांबलेला आहे. मी नेमके काय करावे? आणि मुलगी याविषयी माझ्याशी बोलतच नाही, त्याचे काय करावे?

ठाण्याची वाचक

ताई, आपले लिखाण वाचताना मला माझी तीन वर्षांपूर्वीची डायरी वाचल्यासारखे वाटले. आमच्याकडेही ‘या वयात असे होतेच’ हे एकच वाक्य डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सर्वांनी ऐकवले होते. पुष्कळ उशिरा माझ्या लक्षात आले की या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. पाळी मागेपुढे होणे या वयात खरोखरच होते. दर दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणे मात्र कोणत्याच वयात ‘होतेच’ या सदरात बसत नाही.

आमच्या मुलीला लहानपणापासून वरचेवर घोळणा फुटायचा. उन्हाळा आला की कांद्याचा वास द्यायचा, डोक्यावर पाणी थापायचे, एवढाच उपचार होता. सातवीत असताना तिची दाढ काढली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उशी लाल होत राहिली. तिच्या वडिलांचाही घोळणा फुटत असे आणि आत्याला बाळंतपणानंतर रक्त चढवावे लागले होते. या चार गोष्टी घरातल्या सर्वांना ठाऊक होत्या, पण त्या एका ओळीत कोणीच मांडल्या नव्हत्या. शेवटी एका डॉक्टरांनी पाळीविषयी विचारण्याआधी दाढेविषयी विचारले आणि तपासणीतून रक्त नीट न गोठण्याचा ‘व्हॉन विलब्रँड’ नावाचा आनुवंशिक विकार निघाला. आपल्या मुलीला तोच असेल असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु घोळणा, हिरड्यांतून रक्त येणे, जरा कुठे आपटले तरी काळेनिळे डाग पडणे, आणि माहेर-सासर दोन्हीकडच्या बायकांची बाळंतपणे व शस्त्रक्रिया, ही माहिती डॉक्टरांकडे जाण्याआधी विचारून ठेवा. सासूबाईंनाच विचारा. आमच्याकडे सर्वांत उपयोगी माहिती सासूबाईंकडूनच मिळाली.

दुसरे, वही करा. तारीख, किती पॅड, त्यांतले किती पूर्ण भिजले, गाठ पडली का, शाळा बुडली का, एवढेच लिहायचे. ‘खूप जाते’ या शब्दांकडे डॉक्टर मान डोलावून पुढे जातात. ‘दुसऱ्या दिवशी ११ पॅड, त्यांतले ८ पूर्ण भिजलेले’ हे वाचले की पेन खाली ठेवून नीट ऐकतात.

वाचक, अकोला

आमच्याकडे अशा तक्रारीवर अशोकारिष्ट आणि तांदळाचे धुवण देत असत व त्याने बरेही वाटत असे. हार्मोनच्या गोळ्या इतक्या लहान मुलीला देऊ नयेत, पुढे मूल होण्यास अडचण येते, असे ऐकले आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, नाशिक

प्रत्यक्ष तपासल्याविना मी निदान करणार नाही, परंतु काही गोष्टी स्पष्ट सांगता येतात.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे मेंदू आणि बीजकोश यांचा मेळ बसलेला नसतो, त्यामुळे अनेक महिने बीज बाहेर पडत नाही. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते. मग ते केव्हातरी, ठिकठिकाणी आणि बराच काळ गळत राहते. किशोरवयात २१ ते ४५ दिवसांचे चक्र आणि सात दिवसांपर्यंतचा स्राव स्वाभाविक मानला जातो. पहिल्या वर्षी यापेक्षा अधिक मागेपुढे झाले तरी चालते, पण एक वर्ष उलटल्यावर एखादी पाळी ९० दिवसांहून लांबली तर तपासून घ्यावे. म्हणजे आपल्या मुलीच्या तारखा मला फारशा काळजीच्या वाटत नाहीत. ११ दिवस, रात्रीचे उठणे, गाठी आणि ९.१ हा आकडा मात्र काळजीचा आहे.

‘पीसीओडी’ या शब्दाने घाबरू नका. या वयात बीजकोशात अनेक लहान पुटिका दिसणे सर्वसामान्य आहे, आणि म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये. गर्भाशयात दुसरा काही दोष नाही ना, हे पाहण्यासाठी पोटावरून केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते, तेवढाच तिचा अर्थ घ्यावा. मुलीची आतून तपासणी सहसा करावीच लागत नाही. हे तिला आधी सांगा, कारण पुष्कळ मुली याच भीतीने दवाखान्यात येण्याचे टाळतात.

हिमोग्लोबिनबरोबर प्लेटलेट, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, रक्त गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या चाचण्या, आणि शक्य असल्यास व्हॉन विलब्रँड घटकाची चाचणी करून घ्यावी. या शेवटच्या चाचणीचा नमुना नाजूक असतो, त्यामुळे ती मोठ्या शहरातील रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत जाऊनच द्यावी. ताण, ताप आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनी तिचा आकडा फुगतो, म्हणून एकदा ‘ठीक’ आली तरी कधी कधी पुन्हा करावी लागते. सध्या स्राव थांबलेला असल्याने गोळ्या सुरू करण्याआधी ती देणे सोयीचे होईल. स्राव पुन्हा जोरात सुरू झाला तर मात्र चाचणीसाठी उपचार अडवून धरू नयेत. ठाण्याच्या ताईंनी या विकाराचा उल्लेख केला, तर एक सांगतो. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलब्रँड यांनी १९२६ मध्ये ज्या मुलीच्या आजारावरून तो प्रथम वर्णन केला, ती मुलगी पुढे वयाच्या १३ व्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावानेच दगावली. आज असे होण्याचे कारण नाही, पण ‘पाळीच तर आहे’ या वाक्याने मी अस्वस्थ होतो, ते यामुळे.

अकोल्याच्या वाचकांस नम्रपणे सांगतो की योग्य कारणासाठी, देखरेखीखाली दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी पुढे मूल होण्यास अडथळा येत नाही. काढे-अरिष्टांना माझा सरसकट विरोध नाही, परंतु ९.१ हिमोग्लोबिन असताना त्यांच्या भरवशावर तीन महिने घालवणे मला मान्य नाही. स्राव कमी करणारे, हार्मोन नसलेले ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडही उपलब्ध आहे आणि ते फक्त जास्त जाण्याच्या दिवसांतच घ्यायचे असते. ते द्यावे की नाही आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. गोठण्याच्या चाचण्या हाती येईपर्यंत पोटदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांबद्दल स्वतःला फार दोष देऊ नका, सप्टेंबरमध्ये माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन अनेक जणी येतात. पण तेरा वर्षांच्या मुलीला त्या पुन्हा देऊ नका. आणि तासाला एक पॅड भिजण्याचा प्रकार सलग दोन तास चालला, किंवा चक्कर, धाप, छातीत धडधड जाणवली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा

वैद्यकीय भाग डॉक्टरांनी सांगितला आहे, मी शाळेपुरते लिहिते. आमच्या शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती प्रतिबंधासाठी असते. एवढ्या पंडुरोगावर ती पुरणार नाही, हे अनेक पालकांना माहीत नसते. डॉक्टरांनी वेगळी गोळी दिली तर वर्गशिक्षिकेला कळवा. ती गोळी चहा किंवा दुधाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या, आणि शौचाचा रंग काळा झाला तर घाबरायचे नाही, हे मुलीला आधीच सांगा. बिटाच्या रसावर फार विसंबू नका. रंग लाल असला तरी त्यात लोह बेताचेच असते. अळिवाचे लाडू त्यापेक्षा चांगले, पण तेही गोळीच्या सोबत, गोळीच्या ऐवजी नव्हे.

मुख्याध्यापकांना नव्हे, तर वर्गशिक्षिकेला दोन ओळींची चिठ्ठी द्या: हिला तासाच्या मध्येही न विचारता बाहेर जाऊ द्यावे. चाळीस मुलांसमोर पुरुष शिक्षकांना ‘जाऊ का’ असे विचारावे लागते, म्हणूनच मुली पाणी पीत नाहीत आणि बाकाला खिळून राहतात. दप्तरात कापडी पिशवीत चार पॅड, एक जादा चड्डी, गडद रंगाचा सलवार आणि जुने वर्तमानपत्र असावे. पांढऱ्या सलवारीऐवजी त्या दिवसांत गडद सलवार चालवून घ्यावा, हे आम्ही एका पालकसभेत पंधरा मिनिटांत ठरवले होते; कोणीतरी विचारायचाच अवकाश होता.

मुलगी बोलत नाही म्हणालात. समोरासमोर बसवून विचारले की बहुतेक मुली गप्प होतात. ठाण्याच्या ताईंनी सांगितलेली वही तिच्याच हातात द्या आणि आपण ती फक्त वाचा.

साताऱ्याची आई

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे. आम्ही पुण्याला जाऊन तपासण्या केल्या. फेरिटिन ६ निघाले, म्हणजे लोहाचा साठा जवळपास संपलेलाच होता. थायरॉइड आणि प्लेटलेट ठीक आहेत. व्हॉन विलब्रँडची चाचणी काठावर आल्याने डॉक्टरांनी ती पुन्हा करायला सांगितली आहे. सासूबाईंना विचारले तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की त्यांची धाकटी बहीण ‘अंगावर जाऊनच’ गेली, त्या वेळी ती सतरा वर्षांची होती. ही गोष्ट माझ्या पतीलाही ठाऊक नव्हती. आता डॉक्टरांकडे जाताना त्याच सोबत येतात.

या वेळची पाळी लोहाच्या आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांवर आठ दिवसांत आटोपली. वही मुलीने स्वतःच आखली आहे. रकाने आमचेच, फक्त शेवटी तिने ‘खेळले का’ असा एक रकाना वाढवला आहे, आणि चौथ्या दिवशी त्यात ‘हो, खो-खो’ असे लिहिले आहे. ट्रॅनेक्झॅमिकची दुपारची गोळी शाळेत घ्यावी लागते. ती दप्तरात ठेवू द्यावी की शिक्षिकेकडे द्यावी, हे कोल्हापूरच्या ताईंनी कृपया सांगावे.

शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा

शिक्षिकेकडे द्या, पाकिटावर नाव, वेळ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत लावून. आणि डबा खाल्ल्यावर ती आठवणीने मागून घेण्याची जबाबदारी मुलीवरच सोपवा.