टेक्सासहून कॅन्ससकडे निघालेल्या गुरांच्या कळपाचा प्रमुख: त्याचे काम आणि त्याचा अधिकार

मुक्ता: अमेरिकेतील यादवी युद्धानंतर टेक्सासमधील लाँगहॉर्न गुरे कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत पायी नेली जात, त्या काळाविषयी मी सध्या वाचत आहे. काउबॉयविषयी पुष्कळ मजकूर मिळतो, परंतु ज्याच्या आज्ञेत तो राहत असे त्या ‘ट्रेल बॉस’विषयी फारच थोडा. हा मनुष्य कळपाचा मालक असे की पगारी नोकर? त्याचा दिवस कशात जाई? आणि वस्तीपासून शेकडो मैल दूर असताना इतर माणसे त्याचे हुकूम कशाच्या बळावर मानत?

अनंत: बहुतेक वेळा तो पगारी असे. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय यांनी कॅन्ससमधील ॲबिलीन येथे गुरांची बाजारपेठ उभी केली आणि टेक्सासमध्ये चार डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या जनावराला उत्तरेकडे त्याच्या कितीतरी पट किंमत येऊ लागली. त्यामुळे मोठे कंत्राटदार एकाच हंगामात अनेक कळप रवाना करू लागले आणि प्रत्येक कळपावर एकेक प्रमुख नेमू लागले. साध्या गुराख्याला महिना ३० ते ४० डॉलर मिळत, तर प्रमुखाला १०० किंवा त्याहून अधिक.

हा फरक कशाचा, हे पाण्यावरून समजते. दोन-तीन हजार गुरांना रोज पाणी मिळालेच पाहिजे, म्हणून प्रमुख कळपाच्या कितीतरी पुढे घोडा घालून पाणवठा, चारा आणि रात्रीच्या मुक्कामाची जागा शोधून ठेवी, परत येऊन आघाडीच्या स्वारांना दिशा सांगे आणि मग पुन्हा पुढे जाई. दिवसाला १० ते १५ मैलांपेक्षा अधिक चाल तो सहसा होऊ देत नसे, कारण गुरे वाटेवर चरत जाऊन अंगाने भरली तरच बाजारात भाव येई. घाईने हाकलेली गुरे हाडे दाखवत पोहोचत. माझ्या मते हा संयम बंदूक चालवण्याच्या कौशल्यापेक्षा फार मोठा होता.

शर्वरी: अनंत यांच्या उत्तरात नद्यांची भर घालावीशी वाटते. टेक्सासच्या उत्तर सीमेवरील रेड रिव्हर नदीला पूर आला की थांबायचे की उतरायचे, हे प्रमुखालाच ठरवावे लागे. थांबावे तर काठचा चारा संपतो आणि मागून येणारे कळप आपल्यात मिसळतात, मग ती गुरे वेगळी काढण्यात दिवस जातात. उतरावे तर गुरांबरोबर माणसेही बुडण्याची भीती. रेड रिव्हरपलीकडे इंडियन टेरिटरी, म्हणजे आजच्या ओक्लाहोमाचा प्रदेश, लागे. तेथील मूलनिवासी राष्ट्रे आपल्या भूमीतून जाणाऱ्या गुरांवर पथकर मागत, आणि तो मागण्याचा त्यांना अधिकारच होता. समंजस प्रमुख अशा वेळी बोलणी करून पैसे किंवा काही जनावरे देई आणि वाट मोकळी करून घेई. रात्री वादळात कळप उधळला, तर आघाडीच्या गुरांना वळवून सारा कळप गोल फिरवत ठेवायचा आणि पहाटे मोजदाद करायची, हेही त्याच्याच देखरेखीखाली चाले.

मुक्ता: दोघांचेही आभार. अधिकाराचा प्रश्न मात्र अजून उरतो. माणसे भांडली किंवा काम सोडून निघाली, तर तो काय करी?

हेमंत: एखाद्याला हिशेब देऊन वाटेतच कामावरून काढण्याचा अधिकार त्याला असे, आणि वस्तीपासून दूर अशा ठिकाणी तेवढी शक्यताही पुरेशी जरब बसवी. टेक्सासमधील पशुपालक चार्ल्स गुडनाइट तर माणसांकडून आधीच करारावर सह्या घेत आणि वाटेवर दारू व जुगार यांना सक्त मनाई करत. ते स्वतः मालक होते, त्यामुळे त्यांना नमुनेदार पगारी प्रमुख मानता येत नाही. तरी त्यांच्या उदाहरणातून अधिकाराचे दुसरे मूळ दिसते. १८६६ मध्ये ते आणि त्यांचे भागीदार ऑलिव्हर लव्हिंग पश्चिम टेक्सासमधील पेकोस नदीच्या अलीकडील निर्जल पट्ट्यातून कळप नेत असताना गुरे तहानेने कासावीस झाली, तेव्हा गुडनाइट यांनी मुक्काम न करता रात्रीही चाल सुरू ठेवली. अशा प्रसंगी प्रमुख स्वतः खोगिरावर असल्याशिवाय इतरांना तसे सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी कोमांची योद्ध्यांशी झालेल्या चकमकीत जखमी झालेले लव्हिंग न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे मरण पावले; त्यांना दिलेल्या शब्दाखातर गुडनाइट यांनी त्यांचे शव टेक्सासमधील वेदरफोर्ड येथे आणले.

याच संदर्भात बोझ इकार्ड यांचा उल्लेख झालाच पाहिजे. गुलामगिरीत जन्मलेल्या या गुराख्यावर गुडनाइट यांचा इतका विश्वास होता की गुरांच्या विक्रीची रोकड ते त्यांच्याकडे सांभाळायला देत. तरीही या वाटेवरील असंख्य कृष्णवर्णीय गुराख्यांपैकी फारच थोड्यांना कळपाचे प्रमुखपद मिळाले. अंगी कौशल्य आणि पदरी विश्वास असूनही गोऱ्या माणसांवर हुकूम चालवण्याची जागा त्यांना नाकारली गेली, आणि प्रमुखाच्या अधिकाराचा विचार करताना हा अन्याय बाजूला ठेवता येत नाही.