मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यातील नायट्रेटचे दोन अहवाल, १३.६ आणि ५८. कोणता आकडा धरून चालावे?

नमस्कार.

सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला आमची लहानशी वसाहत आहे. नळाचे पाणी आणि वसाहतीच्या बोअरचे पाणी जमिनीखालच्या एकाच हौदात पडते, तिथून मोटारीने वरच्या टाकीत चढते आणि घरोघरी जाते. नळाला रोज पाणी येत नसल्याने पाणी सुटते त्या दिवशी हौदात उजनीचे पाणी भरपूर असते आणि पुढच्या पाळीपर्यंत बोअरचा वाटा वाढत जातो. काही घरांत आरओ आहे; बाकीची घरे हेच पाणी गाळून किंवा उकळून पितात. अशाच एका घरची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, त्यामुळे हा प्रश्न आता लांबवण्यासारखा राहिलेला नाही.

बोअरच्या पाण्याची तपासणी आम्ही दोन वेगवेगळ्या खासगी प्रयोगशाळांत करून घेतली. पहिल्या अहवालात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ११८०, कठीणपणा ५४०, फ्लोराइड ०.७ आणि नायट्रेट १३.६ असे आकडे आहेत (सर्व मिलिग्रॅम प्रति लिटर). शेजारच्या रकान्यात नायट्रेटची मर्यादा ४५ छापलेली असून शेरा 'योग्य' असा आहे. दुसऱ्या अहवालात टीडीएस, कठीणपणा आणि फ्लोराइड जवळजवळ तेवढेच आहेत, मात्र नायट्रेट ५८ आहे, कोलिफॉर्म जिवाणू (पाण्यात मैला मिसळल्याची शक्यता दाखवणारे) आढळले आहेत आणि शेरा 'अयोग्य' आहे. बाकीचे घटक इतके जुळत असताना एकटे नायट्रेट चौपटीहून अधिक वाढावे, हे मला पटत नाही.

माझी शंका एककाविषयी आहे. नायट्रेटचे प्रमाण दोन प्रकारे सांगितले जाते: संपूर्ण नायट्रेट म्हणून, किंवा त्यातील केवळ नायट्रोजन म्हणून. वजनाने ६२ भाग नायट्रेटमध्ये १४ भाग नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणले की संपूर्ण नायट्रेट मिळते. १३.६ ला गुणून पाहिले तर ६०.२ येते, म्हणजे दुसऱ्या अहवालातील ५८ च्या अगदी जवळ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० (२०१२) मधील ४५ ही मर्यादा संपूर्ण नायट्रेटची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ५० ही मार्गदर्शक मर्यादाही तशीच. अमेरिकेत मात्र मर्यादा नायट्रोजन म्हणून १० दिली जाते, जी आपल्या पद्धतीने साधारण ४४ होते. म्हणजेच पहिल्या अहवालातील आकडा नायट्रोजनचा असेल, तर तो चुकीच्या मर्यादेशेजारी बसल्यामुळेच 'योग्य' ठरला आहे. अहवालात केवळ 'नायट्रेट' लिहिले आहे आणि फोनवर विचारले असता 'आमच्या अहवालाचा नमुना ठरलेला असतो' एवढेच उत्तर मिळाले. प्रयोगशाळेत काम केलेल्यांनी कृपया सांगावे, की यंत्र किंवा किट नायट्रोजनचा आकडा देते आणि तोच तसाच अहवालात उतरतो, असे प्रत्यक्षात घडते का? लेखी खुलासा मागताना नेमके काय विचारावे?

आमच्या बैठकीत याहून अवघड मुद्दा निघाला. मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० असून दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत सवलत आहे, कठीणपणाला २०० आणि ६००, फ्लोराइडला १.० आणि १.५. हे वाचून एका ज्येष्ठ रहिवाशांनी विचारले, की मग नायट्रेटलाही थोडी सवलत का धरू नये? नायट्रेटच्या बाबतीत मानकात तशी सवलतच नाही. ४५ च्या वर ते पाणी पिण्यास अयोग्य. परंतु हे पटवून देणे कठीण जाते, कारण पाण्याचा कठीणपणा सर्वांना डोळ्यांनी दिसतो. बोअरच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. नायट्रेटला रंग, वास, चव यांपैकी काहीच नाही. त्यामुळे जो घटक बव्हंशी गैरसोयीचा आहे त्याची सगळ्यांना काळजी, आणि जो तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो त्याकडे कोणाचे लक्ष नाही, अशी स्थिती आहे आणि ती मला फार अस्वस्थ करते.

धोका मुख्यतः सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावर असलेल्या बाळांना असतो. दुधाची पावडर कालवताना वापरलेल्या पाण्यातील नायट्रेटचे शरीरात नायट्राइट होते, ते हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते आणि बाळ निळे पडू लागते. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध प्रथम मांडला. आपल्याकडे बाळासाठी पाणी उकळून घेण्याची चांगली सवय आहे, पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. मेणबत्तीचा फिल्टर, यूव्ही किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यांनीही ते निघत नाही. आरओने कमी होते, परंतु जुन्या मेम्ब्रेनवर किती विसंबावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जंतूंसाठी हौदात टीसीएल टाकणे आम्ही सुरू केले आहे: ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम, आणि तासाभरानंतरच पाणी वर चढवायचे. शेवटच्या घरच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर अवशिष्ट (पाण्यात उरलेले) क्लोरीन मिळते की नाही, तेही पाहतो.

नायट्रेट येते कुठून, हा माझा पुढचा प्रश्न आहे. इथला खडक काळा बेसाल्ट. बोअरला पाणी लागते ते त्याच्या भेगांतून. आमच्या बोअरपासून जवळच जुनी सेप्टिक टाकी आहे आणि पलीकडे उसाची शेते आहेत. कोलिफॉर्म सापडल्यामुळे माझा संशय सेप्टिक टाकीवर अधिक आहे, पण खताचा वाटा किती आणि मैल्याचा किती, हे क्लोराइड किंवा अमोनिया तपासून ओळखता येते का? टाकी बंद करण्याचा खर्च सर्वांसमोर मांडायचा, तर हाताशी ठोस आधार हवा.

तोपर्यंत माझा प्रस्ताव असा आहे, की नळाचे पाणी बोअरमध्ये मिसळू न देता स्वतंत्र लहान टाकीत घ्यावे, तिची एक तोटी प्रत्येक स्वयंपाकघरात द्यावी आणि बोअरचे पाणी केवळ वापरासाठी ठेवावे. काहींचे म्हणणे आहे, की दोन्ही पाणी निम्मे-निम्मे मिसळले की नायट्रेट आपोआप ४५ च्या खाली येईल. सरासरीने ते येईलही; परंतु पाळीच्या आदल्या दिवशी हौदात जवळजवळ सगळे बोअरचेच पाणी असते, आणि बाळाचे दूध त्या दिवशीही कालवले जाते. अशी दुहेरी व्यवस्था जुन्या इमारतींत कोणी केली असल्यास, नळाचे पाणी बोअरच्या लाइनमध्ये उलटे जाऊ नये किंवा बोअरचे त्यात येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह कुठे बसवले, ते कळवावे.

नमुना पुन्हा देणार आहोत, या वेळी तीन ठिकाणचा: बोअर, थेट नळ, आणि पाळीच्या आदल्या दिवशीचा हौद. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घेऊ, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारे थायोसल्फेट तिच्यात असेल. नायट्रेटचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवणे पुरेसे आहे का, की त्यात आधी काही मिसळावे लागते?