एसीवर हीटर म्हणजे आळस? जरा कागद-पेन्सिल घ्या

शंभर ओहम:
परवा इथे एकांनी फर्मान काढलं: 'व्हॉल्व्ह अँप्लिफायर गुणगुणतोय? हीटरला डीसी द्या: ब्रिज, दहा हजार मायक्रोफॅरड, एलएम३१७. विषय संपला. एसीवर हीटर चालवणं हा निव्वळ आळस.' खाली 'अगदी बरोबर'ची रांग. हिशेब कुणीच केला नाही, म्हणून मी करतो. नवख्यांसाठी: हीटर म्हणजे व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणारी तार; ब्रिज एसीचा डीसी करतो, कॅपॅसिटर तो सपाट करतो, एलएम३१७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर.

हीटरच्या नेहमीच्या ६.३ व्होल्ट एसीचं शिखर ८.९. ब्रिज दीडेक खातो, उरले साडेसात. एक अँपिअर ओढला की १०,००० मायक्रोफॅरडवर १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेली लाट) पाऊण ते एक व्होल्ट. म्हणजे तळ साडेसहाच्या आसपास. एलएम३१७ ला स्वतःसाठीच दोनेक व्होल्ट लागतात. मग बाहेर ६.३ येणार कुठून? रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा धापा टाकतो आणि रिपल थेट हीटरवर. शिवाय कॅपॅसिटर झटक्याझटक्याने चार्ज होतो. एक अँपिअर डीसीसाठी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतून (आउटपुटच्या वाइंडिंगमधून) दीडपटीहून जास्त आरएमएस (तार तापवणारा प्रभावी) करंट जातो. ते झटके ग्राउंडच्या भलत्या तारेतून फिरले की मऊ हम जाऊन करकरीत बझ येतो. ५० हर्ट्झला आपला कान तसा मंद; वरच्या हार्मोनिक्सना अजिबात नाही.

तारांना घट्ट पीळ घाला, चॅसीच्या कोपऱ्यातून न्या. सेंटर टॅप (वाइंडिंगचा मधला बिंदू) नसेल तर १००-१०० ओहमच्या दोन रेझिस्टरांचा करा. तो थेट ग्राउंडला न बांधता एचटीवरून (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टच्या पुरवठ्यावरून) डिव्हायडर काढून ४० व्होल्ट वर उचला, म्हणजे हीटर-कॅथोड गळतीचा हम बसतो. एवढं करायचा ज्यांना कंटाळा, त्यांनी दुसऱ्याला आळशी म्हणू नये.

हॉर्नवाला:
ईसीसी८३ सारख्या छोट्या व्हॉल्व्हपुरतं मान्य, पण जग तिथे संपत नाही. माझ्याकडे ३००बी हा पॉवर व्हॉल्व्ह आहे. ५ व्होल्ट, १.२ अँपिअर, फिलामेंट हाच कॅथोड. हमपॉट (हम कमी करायचा पोटेन्शिओमीटर) फिरवून ५० हर्ट्झ मरतो, १०० हर्ट्झ उरतोच. शंभर डेसिबल संवेदनशीलतेच्या हॉर्न स्पीकरपुढे रात्री अकरा वाजता बसा, मग पिळाचं प्रवचन द्या.

शंभर ओहम:
३००बी चा विषय कुणी काढला? तिथे डीसी घ्या, माझी परवानगी आहे.

हॉर्नवाला:
आभारी आहे सरकार.

भारनियमनग्रस्त:
तुम्ही दोघं शहरातले. आमच्याकडे शेतीपंप सुरू झाले की लाइन १९० वर, मध्यरात्री २५०. म्हणजे ६.३ चे कधी ५.२, कधी ६.८५. हमचं सोडा, व्हॉल्व्ह टिकायला नको? म्हणून रेग्युलेटेड डीसी. ९ व्होल्टची सेकंडरी घेतली आणि कमी ड्रॉपचा रेग्युलेटर लावला, १९० लाही ६.३ सुटत नाही. फक्त २५० ला हीटसिंकवर पाच-साडेपाच वॅट जळतात, त्यावर पापड भाजा. पण ही ९ व्होल्टची सेकंडरी मिळवताना जो छळ झाला! 'नऊ' सांगितलं, रिकामी मोजली तर नऊ, लोड टाकल्यावर सव्वाआठ. वर तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनिअम. सगळे वाइंडर (ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे) एकाच माळेचे मणी.

फोनोप्रेमी:
+१. माझा ट्रान्सफॉर्मर तर स्वतःच गुणगुणतो, स्पीकर काढला तरी! व्हार्निश नावापुरतं फासलेलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, पुण्याच्या बुधवार पेठेत काय, कथा तीच.

तांब्याची तार:
सगळे वाइंडर? माझे वडील आयुष्यभर त्याच बाकावर बसले. गिऱ्हाईक यायचं, 'काका, सहा व्होल्टचा करून द्या.' लोड किती? 'माहीत नाही.' एसी हवाय की पुढे ब्रिज-कॅपॅसिटर लावणार? 'ते तुम्हाला काय करायचंय?' तार किती जाड घ्यायची ते कुणी ठरवायचं, आकाशवाणीने? वरून घासाघीस. व्हार्निशमध्ये बुडवून, भट्टीत वाळवून द्यायचे पैसे मागितले की 'नुसतं फासून द्या'. मग कोअरच्या पट्ट्या थरथरल्या की वाइंडर चोर. वर तुमच्याच मित्राने लिहिलंय ना, डीसीसाठी दीडपट करंट? तुम्ही तो आकडा दुकानात सांगितला होता का?

भारनियमनग्रस्त:
मी अडीच अँपिअर सांगितलं होतं. अ‍ॅल्युमिनिअमबद्दल काही बोलाल का?

तांब्याची तार:
अ‍ॅल्युमिनिअम न सांगता घातलं तर चोरीच. झालं समाधान? पण जाड घेतलं तर चालतं, कोअरच्या खिडकीत जागा मात्र हवी.

हॉर्नवाला:
हा धागा हीटरचा होता ना? आता तांब्याचे भाव पण टाका.

जुनाट रेडिओ:
आजोबांच्या बॅटरी सेटमध्ये डीएफ९६ व्हॉल्व्ह होता, १.४ व्होल्ट, २५ मिलिअँपिअर. हम शून्य. लावा बॅटऱ्या, भांडण खलास. (कृपया हलके घ्या.)

हॉर्नवाला:
माझ्या दोन ३००बी ना २.४ अँपिअर लागतात आजोबा.

फोनोप्रेमी:
मूळ मुद्द्याकडे. ईएल३४ ही पॉवर व्हॉल्व्ह एकेक दीड अँपिअर खाते, ती एसीवरच राहू द्या, तिला हमचं सोयरसुतक नाही. फोनोच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या प्रीअँपच्या) दोन ईसीसी८३ मात्र १२.६ व्होल्ट डीसीवर घ्या: दोघींना मिळून ०.३ अँपिअर. रिपल एक तृतीयांशाहून कमी, रेग्युलेटर गार. माझा फोनो एसीवर कितीही पीळ घालून गप्प बसला नाही. काडतुसातून (सुईच्या कार्ट्रिजमधून) येतात चार-पाच मिलिव्होल्ट, आणि आरआयएए (रेकॉर्डसाठीचं ठरलेलं टोन-करेक्शन) ५० हर्ट्झला १७ डेसिबल वर उचलतं. तिथे ४० व्होल्टची युक्ती पुरली नाही, शंभरराव.

शंभर ओहम:
फोनोला डीसी. ३००बी ला डीसी. लाइन खराब असेल तर डीसी. ठीक, दिलं. पण त्या फर्मानात 'वेगळी, जास्त व्होल्टची सेकंडरी घ्या' हे एक वाक्य असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. ६.३ च्या तयार वाइंडिंगवर एलएम३१७ बसत नाही ते नाहीच.

भारनियमनग्रस्त:
तांब्याची तार, तुमच्या ओळखीत कुणी अजून बाकावर आहे का? १५ व्होल्ट, अर्धा अँपिअर डीसी, ब्रिज आणि कॅपॅसिटर पुढे लागणार, तार तांब्याचीच, व्हार्निशमध्ये बुडवून. सगळं लिहिलंय.

तांब्याची तार:
लाइन १९० ते २५० हे राहिलं. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.